आडवा जोड

"काका, ऐकू येतंय का? ते आजच येतायत. पाच वाजता."

"कोण येतंय?"

"तिकडचे काका. तुम्ही वेळेवर या हं."

त्याच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात निळ्या रंगाची बाटली. समोर मशीनच्या तोंडाशी स्टीलची लांबलचक पट्टी पसरली होती आणि तिच्यावर त्याने आत्ताच मारलेला जोड अजून गरम होता. पलीकडून सुपरवायझर साहेबांनी बोट हवेत गोल फिरवून 'चालू करा' अशी खूण केली. त्याने बाटली खाली ठेवली, फोनमध्ये "येतो" एवढंच म्हटलं आणि बटण दाबलं. पट्टी एक हिसका खाऊन पुढे सरकायला लागली.

दिवस बिघडायला याहून जास्त काही लागत नाही. पण ते त्याला दुपारी कळायचं होतं. आत्ता त्याच्या डोक्यात फक्त पाच वाजले होते.

कारखान्यात त्याला सगळे बिनजोड म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं. कारखान्याच्या दोन शेड होत्या. एकीत स्टीलचा भरीव दांडा तापवून, मधोमध भोक पाडून, तो ओढून ओढून पाइप करत. त्याला कुठे जोडच नसतो, म्हणून तो बिनजोड पाइप. महाग, आणि त्या शेडमधली माणसंही जरा ताठ मानेची. दुसरीत सपाट पट्टी गोल वळवून तिच्या दोन कडा एकमेकींना जोडत. हा साधा, जोडाचा पाइप. आमचा हा माणूस जन्मभर जोडाच्या शेडमध्ये राबला आणि नाव मात्र पडलं बिनजोड, कारण चाळिशी आली तरी त्याच्या लग्नाचा पत्ता नव्हता. कारखान्यातली असली नावं एकदा चिकटली की ॲसिडमध्ये बुडवूनसुद्धा निघत नाहीत.

मग कँटीनच्या खिडकीत चहाची कुपनं घेणाऱ्या बाईशी त्याचं लग्न झालं. बाई विधवा होती, जिभेने तिखट होती आणि तिला एक मुलगी होती. लग्नानंतर आठवड्याभरातच ती म्हणाली, "आता तरी नाव बदलून घ्या की."

"ते माझ्या हातात कुठंय?"

"मग राहू दे. बिनजोड म्हणजे ज्याला तोड नाही असाही अर्थ होतो ना? मी आपला तोच धरते."

मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. आई तिला ठकी म्हणायची, म्हणून तोही म्हणायला लागला. पहिल्याच दिवशी ठकीने दाराला टेकून, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत विचारलं होतं, "मी यांना काय म्हणू?" बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो गडबडला. एवढ्या लहान मुलीवर आपला हक्क कसा सांगायचा, हे त्याला सुचेना. "तुला बरं वाटेल ते म्हण," तो म्हणाला. ठकीने थोडा विचार केला आणि 'काका' ठरवून टाकलं. ते तसंच राहिलं. अडचण एवढीच झाली, की तिच्या गेलेल्या वडिलांचा भाऊ, म्हणजे सख्खा काका, दुसऱ्या शहरात होता. दोन काकांची गल्लत व्हायला लागली तेव्हा तो बिचारा 'तिकडचे काका' झाला आणि हा नुसताच काका.

तेव्हापासून 'तुला बरं वाटेल ते कर' हे त्याचं ठरलेलं वाक्य होऊन बसलं. सहलीला जाऊ का? तुला बरं वाटेल ते कर. पुढे काय शिकू? तुला बरं वाटेल ते शीक. बायको चिडायची. "अहो, कधी तरी नाही म्हणा तिला. पोरीला वाटेल, या माणसाला काही पडलेलीच नाही." तो मान डोलवायचा. पडलेली नव्हती असं नव्हतं, उलट फारच होती. पण नाही म्हणायला हक्क लागतो, आणि तो आपल्याला कुणी दिलाय, हे त्याला कधी नीट कळलं नाही.

मागच्या थंडीत बायको गेली. जाताना तिने काही सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण तिचे शेवटचे दिवस औषधांच्या गुंगीत गेले. घरात दोघंच उरली, तो आणि ठकी, आणि दोघांना बांधून ठेवणारी मधली बाई नाही. ठकी आता मोठी झाली होती. लॅबमधल्या तपासण्यांचा कोर्स तिने केला होता, पण गावात तसं काम मिळेना, म्हणून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. अशात तिकडच्या काकांचा फोन आला. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा आहे, आमच्या घरात एक खोली रिकामीच आहे, ये. माणूस वाईट नव्हता. फोन ठेवताना फक्त एवढं म्हणाला होता, की आता वहिनी नाहीत, तर तिथे तू किती दिवस राहणार? ठकीने हे जसंच्या तसं येऊन सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तेव्हाही त्याने आपलं नेहमीचंच वाक्य म्हटलं होतं.

आज मात्र त्याने ठरवलं होतं. घरी जायचं आणि पाहुण्यासमोर, स्वच्छ शब्दांत सांगायचं, "ठकी, जाऊ नकोस." तीन शब्द. सकाळपासून तो ते तोंडातल्या तोंडात घोळवत होता.

पट्टी मशीनमध्ये सपाट शिरते. रोलांच्या एकामागून एक जोड्या तिला दाबत, उचलत पुढे नेतात. तिच्या कडा आधी पन्हाळीसारख्या वर येतात, मग आणखी जवळ, आणि शेवटी केसाएवढी फट ठेवून समोरासमोर येतात. तिथे बिनजोडची जागा. त्या फटीवर गॅसच्या पांघरुणाखाली एक पांढरी ठिणगी न विझता जळत असते आणि तिच्याखालून जाताना दोन्ही कडा वितळून एक होतात. हवा लागली की जोड काळा पडतो, म्हणून गॅस. ठिणगी जराशी बाजूला सरकली की जोड एकाच कडेला धरतो, म्हणून माणूस. काळ्या काचेतून बिनजोडने आयुष्यभर तेवढंच पाहिलं होतं. डोळे संध्याकाळी चुरचुरायचे आणि मान एका बाजूला धरलेली असायची. पुढे पाइप लालबुंद होऊन भट्टीतून जातो, थंड होतो, सरळ होतो आणि करवतीपाशी ठरल्या लांबीचा होऊन घरंगळतो.

पण पट्टी काही अखंड येत नाही. तिची भेंडोळी असतात. एक संपत आलं की मशीन थांबवून त्याच्या शेपटाला नव्या भेंडोळ्याचं तोंड हाताने जोडायचं. हा आडवा जोड. नवी पट्टी मशीनमधून ओढून घ्यायला तो लागतोच, पण तो पाइपात जाऊन चालत नाही. तो वरून गुळगुळीत करता येतो, पण आतून कसा बसलाय ते दिसत नाही. म्हणून त्याच्यावर लगेच निळ्या रंगाचा जाड पट्टा मारायचा, आणि निळं दिसलं की करवतीवरच्या माणसाने तेवढा तुकडा कापून भंगारात टाकायचा. एवढा वेळ मशीनमधून पट्टी ओढून आणणारा जोड सरळ भंगारात जातो. हे काम रोज दुसरा माणूस करायचा. तो आज आला नव्हता, म्हणून दोन्ही कामं बिनजोडकडे होती.

जेवणानंतर पुढचं भेंडोळं जोडायची वेळ आली. त्याने जोड मारला, घासला आणि सकाळी स्टोअरमधून आणलेली निळ्या रंगाची नवी बाटली उचलली. झाकण फिरेना. पाहतो तर झाकणावरचं सील तसंच होतं.

तो बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिला. मग पाय ओढत साहेबांकडे गेला.

"साहेब, सकाळच्या जोडाला रंग मारायचा राहिला."

साहेब वयाने त्याच्यापेक्षा बरेच लहान होते. घरी तान्हं बाळ होतं, आणि झोप म्हणजे काय हे ते विसरून गेले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. "कुठल्या जोडाला?"

"मला फोन आला होता, तेव्हाच्या."

"म्हणजे तो पाइप आता कुठंय?"

"पॉलिश होऊन गठ्ठ्यात गेला असणार."

"बिनजोड, गाडी दारात उभी आहे."

"हो."

साहेबांनी कपाळ चोळलं. "जोड तुम्हीच मारला होतात ना?"

"मीच."

"मग झालं तर. तुमचा जोड कधी सुटलाय आजवर? टाकीत बुडवून, हवा भरून बघितलाय तो. एक बुडबुडा आलेला नाही. जाऊ द्या ना."

यात साहेबांची लबाडी नव्हती. निम्मा थकवा होता आणि निम्मं कौतुक. बिनजोडच्याही मनात आलं की जाऊ द्यावं. जोड पक्का होता, हे त्याचा हात त्याला सांगत होता. गाडी निघून गेली असती, तो साडेचारला बाहेर पडला असता, पाचला घरी असता. पण हे पाइप दुधाच्या कारखान्यात लागायचे होते. आतून जोडाला नखाएवढी जरी खाच राहिली असली तरी तिच्यात दूध अडकणार, नासणार, आणि वरून पाइप चकचकीतच दिसणार. कुणाला कळणारसुद्धा नाही की कुठे बिघडलंय.

"आतून बघितलेला नाही, साहेब," तो म्हणाला. "दुधाचं काम आहे."

साहेबांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. "बरं. सोडा गठ्ठे. मी गाडीवाल्याला थांबवतो." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "आणि मलाही एक बॅटरी द्या. चार डोळे असले म्हणजे लवकर होईल."

बिनजोडने फोन लावला. मशीन बंद होतं, शेड शांत होती. ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

"ठकी, मला उशीर होईल."

"किती?"

"एक पाइप शोधायचाय."

"आजच?"

"आजच शोधायला हवा. गाडी थांबलीय."

"मग त्यांना काय सांगू मी? ते उत्तर मागणार आहेत, काका."

ते तीन शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर होते. पण माणूस असं काही फोनवर, ग्रीसने बरबटलेल्या हाताने, गठ्ठ्याच्या तारा तोडता तोडता बोलतो का? आणि ती म्हणाली, का नको जाऊ, तर पुढे काय? "तुला बरं वाटेल ते सांग," तो म्हणाला.

"बरं," ठकी म्हणाली आणि फोन ठेवला. हे 'बरं' त्याच्या ओळखीचं होतं. तिची आई रागावली की एवढंच म्हणायची.

शोधायचं म्हणजे असं. गठ्ठा सोडायचा, प्लॅस्टिकची पिशवी काढायची, एकाने पाइपाच्या एका तोंडाशी बॅटरी धरायची, दुसऱ्याने दुसऱ्या तोंडाला डोळा लावायचा. आत जोडाची एक बारीक सरळ रेघ लांबवर गेलेली दिसते. त्या रेघेला कुठे आडवी रेघ छेदून गेलीय का, ते बघायचं. नसली की पिशवी चढवून बाजूला ठेवायचं आणि पुढचा घ्यायचा. बाहेरून सगळे पाइप सारखेच. गुडघे टेकून, वाकून, परत उठून, थोड्याच वेळात बिनजोडची कंबर बोलायला लागली.

बॅटरी धरायला गप्पीदास होता. हा करवतीवरचा माणूस. दिवसभर करवत किंचाळत असायची आणि तिच्यावर ताण करून हा बोलत असायचा. जन्मभर कुणाला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, पण त्याने त्याचा उत्साह कधी कमी झाला नाही. आज करवत बंद होती तरी त्याचा आवाज त्याच पट्टीत होता.

"म्हणजे पोरगी चालली म्हण की!"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतोय! मग, तू काय म्हणालास तिला?"

"काय म्हणणार? तिला बरं वाटेल ते कर म्हटलं."

"अरे, अडव की तिला."

"कुठल्या नात्यानं अडवू?"

"नात्यानं कशाला अडवायचं? तोंडानं अडव!" गप्पीदासने बॅटरी खाली केली. "तिचा डबा कोण भरायचं? ताप आला की रात्रभर कोण बसायचं? कामावर डोळे तारवटून यायचास, आम्ही बघितलंय. आता नातं विचारतोय."

"बॅटरी वर धर," बिनजोड म्हणाला.

बायकोचा एक प्रश्न त्याला आठवला. लग्नानंतर कधीतरी तो टेस्टिंगमधून पाइपाची एक चकती घेऊन घरी गेला होता, बांगडीएवढी. ठकीने ती लगेच हातात घातली. बायकोने विचारलं होतं, "जोडाचा पाइप फुटतो कुठून हो? जोडातूनच ना?" तो म्हणाला होता, "कच्चा असला तर जोडातून. पक्का असला तर जोड सोडून दुसरीकडे कुठंही फुटेल, जोडातून नाही." बायको हसली होती. "मग पक्का मारा." त्यानंतर तो चकत्या आणतच राहिला. ठकीचा खेळ होता तो. डोळे गच्च मिटायचे, चकतीवरून बोट फिरवायचं आणि जोड कुठे आहे ते सांगायचं.

पाच वाजून गेले. शेडच्या वरच्या काचांतला उजेड पिवळा झाला. गाडीवाला दोनदा येऊन बघून गेला. साहेब दुसऱ्या बाजूला एका गठ्ठ्यावर बसून पाइपात बघता बघता तसेच पेंगले होते. त्यांना कुणी उठवलं नाही. बिनजोडला आता पाइपात रेघेऐवजी आपली बैठकीची खोली दिसत होती. खुर्चीवर तिकडचे काका, समोर ठकी, आणि मधे चहाचे कप. आतापर्यंत ती काय ते बोलून चुकली असणार.

"सापडला!" आता पाइपाला डोळा लावून बसलेला गप्पीदास ओरडला. साहेब दचकून उभे राहिले, आणि पलीकडच्या शेडमधली माणसंसुद्धा दारात आली. त्या माणसाचं एक वाक्य अखेर सगळ्या कारखान्याला ऐकू आलं.

तुकडा कापला. टेस्टिंगची मॅडम पर्स खांद्याला लावून निघालीच होती, ती परत आली. नियमाने बघायची गरज नव्हती, तुकडा भंगारातच जायचा होता. पण एवढी शोधाशोध झाल्यावर सगळ्यांनाच उत्सुकता होती. मॅडमने आतून बोट फिरवलं, भिंग लावलं. "आतून अगदी बरोबर बसलाय," ती म्हणाली. मग तिने एक चकती कापून दाबयंत्राखाली ठेवली. चकती दाबायची तीसुद्धा अशी, की सगळा ताण जोडावरच यावा. यंत्र खाली आलं. चकती अंडाकार झाली, मग चपटी, मग दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या. जोड उघडला नाही. साधी चीरसुद्धा पडली नाही.

"म्हणजे उगाच," साहेब म्हणाले आणि थकून हसले. "जाऊ दिला असता तरी चाललं असतं."

"आता कळलं ना पण," बिनजोड म्हणाला. उरलेली एक चकती त्याने खिशात टाकली. हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला घरी जायचं जिवावर आलंय.

घरी पोचेपर्यंत जिन्यातला दिवा लागला होता. मधल्या पायरीवर शेजारची मावशी बसली होती. जिन्यातून येणारंजाणारं प्रत्येक माणूस तिच्या नजरेखालून जायचं. गुडघे दुखतात म्हणून ती वर जाताना तिथे टेकायची आणि मग गुडघे थांबले तरी उठायची नाही.

"पाहुणे येऊन गेले तुमच्याकडे," ती म्हणाली.

"गेले का?"

"केव्हाच. सभ्य वाटले. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं हो. मी काही कान लावून बसले नव्हते." मावशीने पदर सारखा केला. "ते सारखं म्हणत होते, काय ते आत्ता सांग, मला तिथं कळवायचंय. तर पोरगी म्हणाली, बाबा अजून कामावरनं आले नाहीत. ते आल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

बिनजोडचा हात कठड्यावर होता, तो तिथेच राहिला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा कामावरनं आले नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय सांगणार नाही."

"बाबा म्हणाली?"

"मग काय म्हणणार?" मावशीने त्याच्याकडे, हा माणूस बरा आहे ना, अशा नजरेने पाहिलं. "तुम्ही जा वर. दमलेले दिसताय."

तो उरलेल्या पायऱ्या चढला खरा, पण कसा ते त्याला आठवलं नाही. इतकी वर्षं हा शब्द घराबाहेर वावरत होता की काय, कुणास ठाऊक. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे. त्याच्या कानावर तेवढा कधी आला नव्हता. आता ते तीन शब्द म्हणायला त्याला कुणाची परवानगी नको होती. दारातच म्हणून टाकावेत, असं त्याला वाटलं.

दार उघडं होतं. समोरच्या दोरीवर, बायकोच्या जुन्या साड्यांच्या जागी, ठकीचा पांढरा कोट वाळत होता. कोर्सच्या वेळचा. तो पेटीच्या तळाशी गेल्याला बरेच दिवस झाले होते. तिने तो काढला होता, धुतला होता, आणि एक सैल झालेलं बटणही पक्कं केलं होतं. धागा नवा, जास्त पांढरा दिसत होता.

तो कोटाकडे बघत उभा राहिला. न विचारताच त्याला सगळं कळलं.

"काका, हात धुवा. वाढते," आतून ठकी म्हणाली.

दोघं जेवायला बसली. राग नव्हता ठकीच्या चेहऱ्यावर, नुसती वाट बघणं होतं. बिनजोडने दोन घास खाल्ले.

"उद्या त्यांना फोन करायचाय," शेवटी ती म्हणाली. "काय सांगू?"

नेहमीचं वाक्य सवयीने ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"येते म्हणून सांग," तो म्हणाला. "जा तू."

ठकीने मान वर केली.

"चष्मे विकायला शिकली नव्हतीस तू. इथं राहिलीस तर तो कोट परत पेटीत जाईल. ते मला नकोय. जा. आणि सुट्टी मिळाली की इकडे यायचं. त्यांच्याकडे खोली आहे, घर इथं आहे. हे मी सांगतोय तुला. बरं वाटेल ते कर असं नाही म्हणत."

ठकीचे डोळे भरून आले. तिने ते डाव्या मनगटाने पुसले. "मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल."

"म्हणणार होतो. सकाळपासून तेच म्हणत होतो मनात."

"मग?"

"मग काही नाही. भात घे."

तिने भात घेतला. थोड्या वेळाने त्याने खिशातून चकती काढून ताटाशेजारी ठेवली. ठकी रडता रडता हसली. तिने आधी ती हातात घालून पाहिली. चकती बोटांच्या पेरांपाशी अडकली, पुढे जाईना. मग तिने डोळे गच्च मिटले आणि चकतीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. एक फेरी, दुसरी फेरी. बिनजोड बघत होता. त्याला जोड कुठे आहे ते ठाऊक होतं; तिचं बोट त्याच्यावरूनच पुन्हापुन्हा जात होतं.

"नाही सापडत, काका."

"पॉलिश झालंय," तो म्हणाला.

ठकी गेली. चकती घेऊन गेली. स्टेशनवर तिने वाकून नमस्कार केला, खिडकीतून बराच वेळ हात हलवला आणि "काका, गोळ्या वेळेवर घ्या" असं बजावलं. आता रविवारी तिचा फोन येतो. काका, जेवलात का. काका, आज आम्ही हे मशीन शिकलो. तो सगळं ऐकून घेतो. तिथे कुणी विचारलं तर ती काय म्हणत असेल, असं त्याच्या मनात येतं, पण ते काही विचारता येत नाही.

आडव्या जोडाचा माणूस कामावर परत आला. बिनजोड पुन्हा आपल्या काळ्या काचेमागे. संध्याकाळी मान धरलेली आणि डोळे चुरचुरणारे. घरी लवकर जायचं कारण उरलेलं नाही, म्हणून तो जिना सावकाश चढतो. मधल्या पायरीवर मावशी असतेच.

एका संध्याकाळी तो तिच्याशेजारी टेकला. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. मावशी ताटात डाळ निवडत होती.

"मावशी, ते पाहुणे आले होते ना त्या दिवशी," तो म्हणाला.

"कुठले पाहुणे?"

"आमच्याकडे. ठकीला न्यायला. मी नव्हतो ना घरी. नेमकं काय झालं होतं?"

हे तिने त्याला आधीही सांगितलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी अशीच इथं बसले होते. दार उघडंच होतं हो. मी काही कान लावून बसले नव्हते..."

तो शब्द यायला अजून थोडा अवकाश होता. बिनजोडने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.